तडा गेलेला फोन

कामशेत
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय चैतू,

अनेक आशीर्वाद. इकडे भात झोडून झालं. इंद्रायणी यंदा बरी पिकली, तुझी गोणी बाजूला काढून ठेवलीय. आजच्या काळात पत्र बघून हसशील. हस. दिवाळीपासून तू ना आईचा फोन उचलतेस ना माझा, मग मी दुसरं काय करणार?

आईसाठी पाठवलेला नवा फोन पोचला. सोबतची चिठ्ठीही वाचली. ‘पायलचे एवढे फोटो पाठवले, पण आजीच्या तोंडून एक शब्द नाही. आता मोठ्या स्क्रीनवर तरी नातीला बघ म्हणावं.’ टोमणे मारण्यात तू लहानपणापासून हुशार!

आईने खोक्याला हातसुद्धा लावला नाही. “जुना चालतोय की. तडा गेलाय, पर बोलतोय न्हवं?” मला वाटलं, नेहमीचा चिक्कूपणा. काल दुपारी ती शेजारी गेली तेव्हा मीच सिम काढून नव्यात घातलं. जुन्यात तुझा फोटो होता तिथेच यातही ठेवला, दाबला की तुला फोन लागेल असा. ती आल्यावर फोन हातात दिला.

तिचा अंगठा त्या गुळगुळीत काचेवर फिरत राहिला. वर गेला, खाली आला, पुन्हा वर. मग हळूच म्हणाली, “अने, ह्याला तडा कुटं हाय गं?”

चैतू, मी आधी हसले. मग तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत होते.

तिला दिसत नाही गं. जवळजवळ नाहीच. जुन्या फोनचा तडा कोपऱ्यातून तिरका उतरतो आणि नेमका तुझ्या फोटोवर संपतो. त्या भेगेवरून अंगठा आणून ती तुला फोन लावत होती. कधीपासून, ते सांगत नाही. रोज तांदूळ निवडते, पण आमच्या ताटात कधी खडा आला नाही, मग कळणार कसं?

मी सिम परत जुन्यात घातलं. म्हटलं, “लाव बरं.” तिने लावला, एकदाही न चाचपडता. मी बघतच राहिले. जन्मभर जिच्याजवळ राहिले, ती बाई एवढी मोठी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तुझ्याकडे रिंग वाजून वाजून बंद झाली. कालचा तो फोन तिचाच.

आज सकाळी तळेगावला डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही म्हणे, उरलेली औषधाने टिकवायची.

फोन कधी बदलायचा ते आता तीच ठरवेल. तुझं खोकं कपाटात आहे, राग मानू नकोस. तुला लिहितेय म्हटल्यावर ओरडली, “डोळ्याचं न्हाई लिवायचं! पोर घाबरंल.” आत गेली, भांडी आपटली, आणि परत येऊन माझ्याजवळ बसली.

“बरं, एवडंच लिव. पायलला घिऊन लौकर ये म्हणावं. थोडं दिसतंय अजून.”

वाट बघतोय दोघी.
तुझी,
अनिताताई