प्रतिभा हॉस्पिटलात: 'इन' की 'ॲट'?

तळोदा, शुक्रवार

तीर्थरूप मामा,

जावई हेमकांतचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता कसा आहे? केळीवर यंदा करपा फार नाही ना? इकडे प्रतिभा आणि मी दोघंही धडधाकट आहोत. (हे वाक्य कृपया दोनदा वाचावं, आणि शेजारच्या चार घरांतही वाचून दाखवावं.) मोबाइलवर काहीही लिहायला प्रतिभानं मला महिनाभर बंदी घातली आहे, म्हणून पोस्टानं कळवतो.

सोमवारी जे घडलं ते आपल्या कानावर आलंच असेल. पण ते पुतण्या दिनेशनं सांगितलेलं असणार, म्हणजे सगळा दोष माझा. वास्तविक दोष इंग्रजीचा आहे. प्रकल्प कार्यालयासमोर माझं झेरॉक्सचं आणि अर्ज भरून देण्याचं दुकान आहे, हे आपण जाणताच. बारा वर्षांत माझ्या इंग्रजीमुळे एकही अर्ज परत आलेला नाही (आला असेल तर तो अर्जदाराच्या घरी गेला असेल). तर प्रतिभाला इथल्या हॉस्पिटलात नर्सची ऑर्डर आली, सोमवारी हजर व्हायचं ठरलं, तेव्हा ही बातमी नातेवाइकांच्या ग्रुपवर इंग्रजीतच टाकावी असं मला वाटलं. सुरतेची मंडळीही त्यात आहेत.

आता आपल्याकडे कसं सोपं असतं: शाळेत, शेतात, बाजारात, हॉस्पिटलात. एक 'त' लावला की भागतं. इंग्रजीत त्या एका 'त'च्या जागी इन, ऑन, ॲट असे तीन उमेदवार. मी रविवारची अख्खी दुपार त्यांची मुलाखत घेतली. ऑन म्हणजे वर; प्रतिभा काही हॉस्पिटलच्या गच्चीवर बसणार नव्हती. ॲट म्हणजे पाशी. हॉस्पिटलापाशी तर चहाची टपरीही आहे, आणि एवढी शिकलेली आपली लेक टपरीच्या रांगेत उभी करायला मन धजेना. ती चांगली आत, वॉर्डात काम करणार. म्हणून इन. 'प्रतिभा इज इन हॉस्पिटल फ्रॉम मंडे. प्लीज ब्लेस.' खाली जोडलेल्या हातांची सहा चित्रं. (नुसतं इन हॉस्पिटल म्हणजे आजारी पडून भरती, आणि नोकरीला असेल तर ॲट द हॉस्पिटल, हे मला सोमवारी पावणेबाराला कळलं.)

दिनेशनं तो मजकूर सकाळी मामींना वाचून दाखवला. त्यांनी अकरा फोन केले. प्रतिभाचा ड्युटीमुळे बंद, माझा झेरॉक्सच्या घरघरीत ऐकू येईना. मग मामी, रंजना मावशी, दिनेश आणि केळीचा एक अख्खा घड अशी जीप शहाद्यावरून थेट हॉस्पिटलच्या पायरीला लागली. मला निरोप मिळाला आणि मी धावलो, तोवर मामी बायकांच्या वॉर्डात शिरून एकेका खाटेवरची चादर बाजूला करून तोंडं बघत होत्या. डोंगरातल्या रूपलीबाई दोन दिवसांच्या बाळाला घेऊन गाढ झोपल्या होत्या, त्यांनाही सोडलं नाही. तेवढ्यात मास्क लावलेली एक नर्स बीपीचं मशीन घेऊन आली. मामींनी तिचे दोन्ही हात धरले आणि रडत विचारलं, "सिस्टर, मन्ही पोर कोनत्या खाटवर शे?"

नर्सनं मास्क खाली केला. "माय, मी खाटवर नही, कामवर शे."

मामींनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, आणि त्यांना घेरी आली. रिकाम्या खाटेवर त्यांना निजवावं लागलं, प्रतिभानंच बीपी घेतलं. (नोकरीतला पहिला पेशंट म्हणून तिनं रजिस्टरात आईचं नाव लिहिलं, हे मी पाहिलं.) बरं वाटल्यावर मामी निघतील असं वाटलं, पण त्या चार वाजेपर्यंत हलल्या नाहीत. लेक सलाईन लावते, डोंगरातल्या बायांना त्यांच्या पावरी बोलीत, मोडकंतोडकं का होईना, धीर देते, हे त्या बघत राहिल्या. घड वॉर्डात वाटला. रूपलीबाईंचं बाळ मांडीवर घेतलं. मोठ्या सिस्टरनं दोनदा बाहेर जायला सांगितलं, मामी दोन्ही वेळा म्हणाल्या, "ती नर्स मन्ही शे."

आपला,
हेमकांत

ता. क. लग्न झालेल्या मुलीनं परक्यांची दुखणी काढायची नाहीत, असं प्रतिभानं नोकरीचा अर्ज केला तेव्हा आपण म्हणालात, त्याला चार महिने झाले. तेव्हापासून आपण आमचा फोन उचलत नाही. मात्र सोमवारी जीप सुटताना खिडकी धरून "जरा दामट रे" असं ड्रायव्हरला कोण म्हणालं, ते मामींनी मला सांगितलं आहे. प्रतिभाही नंतर बाहेर जाऊन त्या रिकाम्या जीपमध्ये वाकून पाहून आली. एकदा याल का? हे मी तिला न सांगता लिहिलं आहे.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करण्याआधी प्रतिभाच्या हाती लागलं. तिनं सगळं वाचलं, माझी शुद्धलेखनाची तीन ठिकाणं सुधारली, वरच्या ता. क.ला हात लावला नाही. गुरुवारी तिला सुट्टी असते, म्हणून मी गुरुवार सुचवणार होतो. ती म्हणाली, नको, बाबांना ड्युटीच्या दिवशी बोलवा.