दुसरा ठिपका

आबा, आज सकाळपासून तीनदा चहा झाला, दोनदा दुकानाबाहेर चक्कर मारून आलो, तरी एका ठिपक्याची जागा ठरत नाही. बियाण्याच्या पिशवीसाठी बोधचिन्ह करतोय. ठिपका ठेवला की डोळ्यांना खुपतो, काढला की बरं दिसतं, आणि काढला की तुम्ही आठवता. पंधरा वर्षं याच धंद्यात आहे, तरी माझं हे असं. शेवटी कॉम्प्युटर बंद केला आणि कागद ओढला.

औरंगाबादला चित्रकलेच्या कॉलेजात मी दुसऱ्या वर्षाला होतो. सरांनी प्रत्येकाला एक चिन्ह करून आणायला सांगितलं. बाकीच्यांनी मोर काढले, कमळं काढली. मी आपल्या मेंढरांच्या पाठीवरची निशाणी काढली, आडवी रेघ आणि खाली दोन ठिपके. सर म्हणाले, एक ठिपका कमी करून बघ, तोल येईल. कमी केला. खरंच आला. वर्गात पहिला नंबर मिळाला आणि माझे पाय काही जमिनीवर राहिले नाहीत.

त्याच तोऱ्यात दिवाळीच्या सुट्टीत शहागडला आलो. आपला मुक्काम गोदावरीच्या काठी. मेंढरं नुकतीच कातरलेली, तुम्ही तापानं पडलेले, म्हणून गेरूची वाटी माझ्या हाती आली. सगळ्या कळपावर मी नवी निशाणी घातली, रेघ आणि एकच ठिपका. मागं सरून पाहिलं, फार देखणं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर शेजारच्या मुक्कामाचा कळप आपल्यात घुसला. रेघ आणि एक ठिपका ही त्यांची निशाणी. कोणतं मेंढरू कुणाचं, काही कळेना.

त्यांचा म्हातारा थेट तुमच्यापुढं आला. "पाव्हणं, आमची निशाणी तुमच्या मेंढरावर कशी काय? चोरायचा बेत हाय का?" तुम्ही घोंगडी गुंडाळून बाहेर येता, आधी मेंढरांकडं बघता, मग माझ्या लाल बोटांकडं. मी हात खिशात घालतो. तुम्ही म्हणता, "तापात होतो. माझ्याच हातून चुकलं." त्याला ते पटत नाही. तो तुम्हाला भंडारा उचलायला लावतो, आणि खंडोबाची शपथ म्हणजे काय हे पुरतं जाणणारा माझा बाप माझ्यासाठी खोटी शपथ घेतो. मी तोंड उघडलं नाही. का घेतलीत म्हणून तुमचा अजून राग येतो, आणि स्वतःची लाज वाटते ती वेगळीच.

दुपारपर्यंत तुम्ही एकेक मेंढरू तोंडावरून ओळखून वेगळं केलंत. म्हाताऱ्यानं ते मान्य केलं, पण पुन्हा कधी आपल्याकडं चहाला थांबला नाही. मग अंगात ताप असताना तुम्ही प्रत्येक पाठीवर दुसरा ठिपका लावत बसलात. मला एवढंच विचारलंत, "एक ठिपका त्यांचा, दोन आपले. एवढं बी ध्यानात राह्यलं न्हाई व्हय तुला?" मी मान हलवली, न्हाई म्हणालो. "मंग असू दे. शिकायला गेल्तास, इसरला असशील."

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्हीच नाही, तेव्हा हे पत्र ड्रॉवरमध्येच जाईल. लिहायची होती एकच गोष्ट, ती इतकी लांबवली. मी विसरलो नव्हतो, आबा. गेरूत बोट बुडवताना मला ठाऊक होतं, एक ठिपका कुणाचा ते. छान दिसत होता, म्हणून ठेवला.