डाव्या हाताचा भाला

गोथेनबर्ग, ऑगस्ट १९२६

आदरणीय (आणि अजूनही धाक असलेल्या) टेक्ला आत्यास,

गुनवोरचा वाकून नमस्कार. मी खुशाल आहे. तुझी खुशाली विचारायची मात्र भीती वाटते. शेजारच्या एब्बाने कळवलं की अर्धांगाच्या झटक्यानंतर तुझा उजवा हात अजून मांडीवर निपचित पडून असतो, डाव्याने तू चमचा धरत नाहीस, कुणाला भरवू देत नाहीस, आणि बशीतली कॉफी (साखरेचा खडा दातांत धरून दिवसाला आठ बशा रिचवणारी तू!) तशीच गार होते. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. आपल्या घरात उपदेशाचा हक्क फक्त तुझा. मी आपली माझी फजिती सांगते.

तर इथे बायकांच्या जागतिक स्पर्धेत भाला दोन्ही हातांनी फेकावा लागतो. एकदम नव्हे, आधी उजव्याने, मग डाव्याने, आणि दोन्हींची बेरीज. उजव्याचं मला भय नव्हतं. पण डावा! लहानपणी मी डाव्या हाताने लापशी खाते म्हणून तू तो लाल लोकरीच्या पट्ट्याने खुर्चीला बांधायचीस. ("डावा हात सैतानाचा, पोरी. पाहुण्यांसमोर काढलास तर बघ!") वीस वर्षं झाली, पण डावा हात उचलला की माझी मान आपोआप मागे वळते, तू बघतेस का म्हणून. गवताच्या कोठारामागे दाताळ्याच्या दांड्याने सराव केला, तोही तू चर्चला गेलेली असताना. आणि इथे तर हजारो पाहुणे! मी धावले, हात उचलला, मान वळली, आणि भाला गेला तो थेट मोजणीवाल्या साहेबांच्या छत्रीत. (पाऊस होता. गोथेनबर्गला दुसरं काय असणार?) छत्री आरपार. ते गृहस्थ तसेच उभे राहिले, नाकावर धार लागली, आणि म्हणाले, "बाई, रेषेबाहेर गेलाय. नेम मात्र छान आहे हो."

सगळं मैदान हसलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण त्या हशात सैतानाचं नाव कुणी काढलं नाही, आत्या. शेजारच्या पोलिश मुलीने (तिची भाषा मला येत नाही, माझी तिला) नुसता माझा गारठलेला डावा हात दोन्ही हातांत धरून चोळला. पुढच्या खेपेला मी मान वळवली नाही. भाला उजव्यापेक्षा वीतभर लांबच गेला.

सहावी आले. सहावीला काही मिळत नाही; पण एक परदेशी शिक्षिका वही घेऊन धावत आल्या. "तुझे दोन्ही हात इतके सारखे कसे?" त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की आत्याने बांधून बांधून केले. बाईंना ती नवी स्वीडिश पद्धत वाटली! आज नाश्त्याला त्यांच्या संघातल्या तीन मुली उजवा हात खुर्चीला बांधून डाव्याने हेरिंग खात होत्या. अर्धे मासे मांडीत पडले, पण पोटभर जेवल्या.

तुझी आज्ञेतली (बहुतेक वेळा) भाची,
गुनवोर

ता. क. सोबत तो लाल पट्टा पाठवते आहे. तू टाकून दिलास तेव्हा मी उचलून ठेवला होता. काल मैदानातही केसांना हाच होता. उजवा हात त्यात घालून गळ्यात अडकव, आणि डाव्याने बशी उचल. तू उपाशी आहेस या विचाराने मला घास गिळवत नाही. आई गेली तेव्हा मी जेवत नव्हते, तर वाडगा रिकामा होईपर्यंत तू शेजारून हलायची नाहीस. शनिवारी मी येते आहे. तशीच बसणार आहे.

आणखी एक ता. क. पहिल्यांदा सांडेल. माझ्या पहिल्या खेपेला छत्री गेली. तुझ्या खेपेला फार तर टेबलावरचं कापड भिजेल, आणि ते मी धुऊन टाकीन.