अंबाजीच्या पायऱ्या आणि तुझी युक्ती

चि. कनकभाई,

त्या सकाळी मी बाजरीचे रोटले थापत होते, दूध चुलीवर होतं, आणि तुझे मेहुणे अंगणात दातण करत म्हणाले, "यंदा दोघं पायी गिरनार चढू, अंबाजीला चुनरी वाहू." माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी त्यांनी बोललेला नवस. (बोलण्यात दूध उतू गेलं, ते मी त्यांच्यावरच ढकललं.) चैत्रात ते गेले. नवस राहिला.

असो. आशीर्वाद. भाभीची कंबर कशी आहे? माझे गुडघे सोडून इथे सगळं ठीक आहे.

आता गुडघ्यांबद्दल. पाच हजारांवर पायऱ्या माझ्याच्याने होणार नाहीत म्हणून तुझ्याकडे रडले, तर तू शहाणपणा पाजळलास: "बेन, डोंगराकडे बघूच नकोस. रोज कालच्यापेक्षा शंभर पायऱ्या जास्त चढ." मूर्खा, तू राजकोटला सपाटीवर राहतोस! काल चढलेल्या पायऱ्या गिरनार आज सोडून देत नाही. रोज पहिलीपासून सुरुवात. आणि उतरायचं कसं? त्याबद्दल एक अक्षर नाही! पायथ्याशी डोलीवाला भीखाभाई, माणसाला काट्यावर तोलून दर सांगणारा, रोज ओरडतो, "बा, आज तरी बसा काट्यावर!" मी एकदा म्हणाले, "तूच बस डोलीत, मी उचलते." सगळे खिदळले. आता तिथे माझं नाव 'शंभरवाली बा' पडलंय. तुझ्या कृपेने.

पण खरा राग वेगळाच आहे. तुझी युक्ती लागू पडली. गेले आठ दिवस मी देवळाची घंटा ऐकू येईपर्यंत वर जाते, चुनरी पिशवीत असते, आणि शेवटच्या शंभर पायऱ्या ठेवून परत फिरते. त्या चढले की तुझ्या मेहुण्यांचं माझ्याकडे राहिलेलं काम संपलं. मग पहाटे उठायचं कशासाठी? हे आधी सांगायला नको होतं?

तुझी,
मुक्ताबेन

ता. क. रागावले आहे, तरी रोज करायचं दुसरं काहीतरी कळव. लवकर न संपणारं. पुस्तकं सुचवू नकोस, ती वाचतेच मी, संपतात.

ता. क. (दुसरा) पत्र टाकायचं राहिलं. काल शेवटच्या शंभरही चढले. चुनरी वाहिली. खाली पोचल्यावर भीखाभाईने हात दिला. आज पहाटे उठले आणि पहिल्या शंभर पायऱ्या चढून आले.