क्रेस्लींचं घर

स्टाउटबर्ग, पेनसिल्व्हेनिया
१२ फेब्रुवारी

प्रिय मर्ल,

आशीर्वाद. एक मार्चपासून अग्निशमन दलाचा भोंगा बंद. काल संध्याकाळी कौन्सिलनं ठरवलं आणि चिटणीस अर्लीननं आज बेकरीत पुन्हा सांगितलं, म्हणजे माझ्या ऐकण्यात चूक नव्हती.

मी बरी आहे. गुडघा तसाच. मंगळवारी दलाच्या हॉलमध्ये ईस्टरच्या उपवासाआधीचे डोनट तळायचेत, तळायला आम्ही पाच म्हाताऱ्या. दलातही आता सातच जण. त्यातला तरणाबांड म्हणजे डेनिस, वय एकसष्ट. शाळेची बस आपल्या रस्त्यावर थांबतच नाही. निम्म्या दारांवर किल्लीची आकडेवाली पेटी आहे. शुक्रवारी भाड्यानं राहणारे पाहुणे येतात, दगडी भिंतींचे फोटो काढतात, रविवारी जातात. घरं सगळी उभी आहेत रे, माणसं नाहीत.

काल बैठकीत अध्यक्षांनी सांगितलं, "तक्रार क्रेस्लींच्या घरातून आलीय. भोंग्यानं पाहुण्यांची झोपमोड होते."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी ताडकन उठले. "अहो, या गावात घराला जुन्या मालकाचंच नाव राहतं, हे तुम्हाला मी सांगायचं? माझ्या भावानं घर कधीच विकलं. आमचं नाव यात ओढू नका!"

"बस की गं, लोरेटा," डेनिस मागून म्हणाला.

"तू गप्प रे! तीस वर्षं राहतोयस, तरी तुझं घर अजून मोयरांचंच!"

लोक हसले. मीही हसले.

मग अर्लीन हळूच म्हणाली, "लोरेटा, ते घर विकलेलं नाही. मर्लच्याच नावावर आहे. तक्रारीवर सहीही त्याचीच आहे."

मी खाली बसले.

विकलं, असं तू मला फोनवर सांगितलंस. त्या शब्दावर मी आईची कपाटं रिकामी केली, तिचे कोट चर्चला देऊन टाकले. आता तिच्या खोलीत परके लोक झोपतात आणि त्यांची झोप तुला प्यारी!

सहा वर्षांचा होतास. गिरणीच्या कालव्यावरचा बर्फ तुझ्या पायाखाली फुटला. बाबांनी हाच भोंगा वाजवला आणि गिरणीतली माणसं पिठानं माखलेली तशीच धावत आली. त्या दिवशी कोणाची झोपमोड झाली होती, सांग ना.

आज बेकरीत डेनिस कोणाला तरी पत्ता सांगत होता, "भोंगेबंदवाल्यांच्या घरापासून डावीकडे." त्यानं मला पाहिलं आणि मान खाली घातली. दीडशे वर्षांचं नाव एका रात्रीत गेलं, मर्ल.

येत्या गुरुवारी कौन्सिल पुन्हा बसतंय. तक्रार करणाऱ्यानं समोर उभं राहून ती मागे घेतली, तर ठराव रद्द होईल, असं अर्लीन म्हणते. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. पुढच्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची मी धरून ठेवीन. ती रिकामी राहिली, तर सगळं गाव बघेल.

तुझी बहीण,
लोरेटा क्रेस्ली
(लग्नानंतरही हे आडनाव मी सोडलं नव्हतं.)