गफ्फारच्या धुऱ्यावरचा एअरटाइट डबा

१० जानेवारी २०१६, रविवार. दर्यापूर.
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंद ठेवावी.

पायलकडे पुण्याला आठ दिवस राहून काल परतलो. तिथं एका टेकडीवर पोरीनं मोबाईल हातात दिला आणि म्हणाली, बाबा, या बाणाच्या मागं चला. चाललो. झाडाच्या बुंध्यात काडेपेटीएवढी डबी. आत कागदाची सुरळी, तिच्यावर आधी येऊन गेलेल्यांची नावं. आपलं नाव लिहायचं, डबी होती तशी ठेवायची, साइटवर 'सापडली' म्हणून टाकायचं. याला जिओकॅशिंग म्हणतात. जगभर लोक करतात. पैसे मिळत नाहीत. हे ऐकून आधी वाईट वाटलं. मग सुरळीवर नाव लिहिलं, आणि तिथून डोक्यात दुसरं काही येत नाही.

नकाशा पाहिला. दर्यापूरच्या आजूबाजूला एकही डबा नाही. मोकळा प्लॉट. इथं मोटार रिवाइंडिंगवाला नव्हता तेव्हा मी दुकान टाकलं आणि उभा राहिलो. हेही तसंच होणार.

वेळ आहेच. लागोपाठ दुसरं साल पाऊस नाही. पाणी नाही तर पंपाच्या मोटारी चालत नाहीत, चालत नाहीत तर जळत नाहीत, जळत नाहीत तर माझ्याकडे येत नाहीत.

१३ जानेवारी
पायलनं फोनवर नियम सांगितले. डब्यात पाणी शिरू नये. आत खाण्याचं काही नको. जमिनीत पुरायचा नाही. आतली वस्तू घेतली तर तेवढ्याच तोलाची दुसरी ठेवायची. ठेवताना-काढताना बाहेरच्या माणसानं पाहू नये. आणि ज्याची जागा, त्याची परवानगी. हे शेवटचं ती दोनदा म्हणाली. मी म्हणालो, बाई, माझा जन्म धंद्यात गेला, मला परवानगी शिकवू नको.

डब्याचा प्रश्न सुटला. स्वयंपाकघरात निळ्या झाकणाचा एअरटाइट डबा आहे, पायलनंच दिवाळीत आणलेला. हवासुद्धा शिरत नाही म्हणते. जमुनाला विचारलं असतं तर बायको म्हणून तिनं 'काहून' विचारलंच असतं. खेळ गुप्त आहे. म्हणून विचारलं नाही.

१७ जानेवारी, रविवार
जागा ठरली. अकोला रोडवर गफ्फारच्या शेताचा धुरा, बांधावरच्या निंबाखाली.

अब्दुल गफ्फार आणि मी अकोल्याला एकाच वर्कशॉपात तांब्याची तार गुंडाळत मोठे झालो. मी दुकान टाकलं, त्यानं पिठाची गिरणी. घराला घर लागून. परवानगीचा विचार केला. पण गफ्फारला सांगणं म्हणजे गिरणीवर सांगणं. ज्वारीच्या पिठासोबत बातमी घरोघरी जाते. शिवाय भावासारख्या माणसाकडे परवानगी मागणं हा त्याचा अपमान. साइटवर चौकट होती, 'जागामालकाची परवानगी घेतली आहे.' टिक केली. मनानं घेतलीच आहे.

२६ जानेवारी
डबा ठेवला. झेंडावंदनानंतर, गाव जिलेबीत गुंतलेलं असताना.

आत सुरळी, पेन्सिल, एक पितळी बुश, पायलचं जुनं कीचेन आणि मूठभर संत्रागोळ्या. खाण्याचं नको हा नियम परदेशातल्या अस्वलांसाठी असावा. आपली अस्वलं तिकडे मेळघाटात.

पुरायचा नाही, म्हणून वर दगड रचले. आमच्या काळ्या मातीत कितीही खोदा, दगड लागत नाही. म्हणून अमरावतीहून येताना टेकडीखालचे दगड स्कूटरच्या डिकीत आणले होते. रचना अगदी नैसर्गिक दिसते.

अक्षांश-रेखांश घ्यायला वेळ लागला. मोबाईल एका आकड्यावर थांबेना. उत्तरेला गेलो, परत आलो, निंबाला फेरी घातली, मोबाईल छातीशी धरून डोळे मिटून उभा राहिलो. कोणीही पाहिलं नाही. रस्त्यावरून एक काळीपिवळी जीप गेली, तिच्या टपावरचे लोक माना वळवून बघत होते, तेवढंच.

३१ जानेवारी
डबा साइटवर लागला. नाव दिलं, 'वऱ्हाडचा पहिला'. आता पहिला शोधक कोण, एवढंच पाहायचं. या खेळात पहिल्या शोधकाला फार मान.

जमुना म्हणाली, अवो, निळ्या झाकणाचा डबा कुठी गेला. मी म्हणालो, जाऊन जाऊन जाईल कुठं. खेळाडूची जीभ घट्ट हवी.

७ फेब्रुवारी
गफ्फार दुकानात आला. म्हणे, सूर्यभान, माह्या धुऱ्यावर मोबाईल घेऊन काय करून राहिला होता. मी म्हणालो, वरून सॅटेलाइट सांगतो खाली कुठं काय आहे. यात खोटं काही नाही. तो म्हणाला, म्हंजे खाली काही हाय. मी डोळा मिचकावला, म्हणालो, वेळ आली की कळेल. गडी अर्धा चहा तसाच ठेवून गेला. जास्त खोदून विचारू नये हे त्याला समजलं. जुन्या मैत्रीत असं असतं.

२१ फेब्रुवारी
शोधक नाही.

माझे कान तेज आहेत. मोटार सुरू झाली की कोणती बेअरिंग गेली ते बाहेरून सांगतो. आज टपरीवर पाठमोरा बसलो होतो तर मागं नत्थुजीचा आवाज. नत्थुजी म्हणजे बोअरच्या गाड्यांचा दलाल. गफ्फारला सांगत होता, अरे, मोटारवाल्याले पान्याची नस नाई समजन तं कोनाले समजन, त्यानं तं दगडं मांडून खूण करून ठेवली. मला पाहिल्यावर दोघंही बिस्किटाकडे पाहू लागले. माझी तारीफ माझ्या तोंडावर करायला लोक लाजतात.

खूण, दगड वगैरे नीट ऐकू आलं नाही. टपरीवर गोंगाट फार.

१३ मार्च, रविवार
जमुनानं गच्चीवर कुरडया घातल्या. डबा नाही म्हणून दिवसभर कुरकुर. मागच्या साली साध्या डब्यात ठेवल्या तं साऱ्या सादळल्या, म्हणाली. घरात चोर हाय का उंदीर, म्हणाली. मी दोन्ही शक्यता नाकारल्या.

गफ्फारची आमिना दूध घेऊन आली होती. त्यांच्या भुऱ्या म्हशीच्या दुधाशिवाय आमच्या घरी चहा होत नाही. आमिना म्हणे, भाभी, भाईसाबले इचारा ना, आजकाल आमच्या निंबाखाली लय उभे राह्यतात. बाया काहीही बोलतात.

निर्धार: धुऱ्याकडे महिनाभर फिरकायचं नाही. लोकांची नजर उठते.

२७ मार्च
साइटवर पहिली नोंद. नागपूरचे दोघं, बुलेटवर दर्यापूरमार्गे अकोल्याला जात होते. लिहिलंय: 'सापडला नाही. दगडांचा ढीग रस्त्यावरूनच दिसला, पण तिथं एक माणूस नारळ फोडत होता आणि दुसरा हात पसरून दुआ मागत होता. खेळाचा सभ्यपणा म्हणून न थांबता पुढे गेलो.'

दोघं कच्चे दिसतात. ढीग रस्त्यावरून दिसणं शक्य नाही. नारळाचं म्हणाल तर कोणाचा नवस असेल. दुआ तर या दुष्काळात सगळेच मागून राहिले.

तरी पाहुणे आले. तालुक्यात पर्यटन सुरू झालं.

३ एप्रिल
गफ्फारनं भुरी विकायला काढली. अंजनगावचा व्यापारी दात पाहून गेला. कारण उघड आहे, कडबा नाही; निम्म्या तालुक्यानं जनावरं काढली. पण भुरीला गफ्फारनं वगारीपासून वाढवलेलं. संध्याकाळी गिरणी बंद केली की आधी तिच्याशी बोलतो, मग घरात जातो. आमिना सकाळपासून गोठ्यातच बसून आहे म्हणे.

मी त्याला म्हणालो, काहून विकतो बावा, पावसापर्यंत कळ काढ. तो हसून म्हणाला, तूच तं रस्ता दाखवला. अर्थ लागला नाही. चाऱ्याबद्दल मी कधी काही बोललो असेन. माझे सल्ले लोक ध्यानात ठेवतात.

१४ एप्रिल
जयंती. दुकान बंद. मिरवणुकीत गफ्फारच्या गिरणीसमोर पाण्याचा ड्रम, दरवर्षीसारखा. सरबत वाटता वाटता म्हणाला, पुढच्या जयंतीले माह्या शेताचं गोड पानी पाजतो सर्व्यायले. गरमीनं माणूस काहीही बोलतो. आमच्या पट्ट्यात खाली पाणी आहे, पण खारं. त्याच्या बापानं खोदलेल्या विहिरीला अजून बैल तोंड लावत नाही.

निर्धार: उद्यापासून दर आठवड्याला डबा जाऊन तपासणार.

१५ एप्रिल
ऊन फार. डबा दुकानातूनच तपासला, मोबाईलवर. नकाशात जागच्या जागी आहे.

२४ एप्रिल, रविवार. सकाळ.
बोअरची गाडी दुकानासमोरून अकोला रोडला गेली. पुढे नत्थुजी, मागं स्कूटरवर गफ्फार, अंगात ईदचा कुर्ता. थांबून म्हणाला, बस मागं, बिस्मिल्ला तुह्याच समोर करतो. तुह्या दगडावरच गाडी लावतो. भुरीच्या पैशावरच बोअर हाय; तिले संध्याकाळी नेतीन, त्याच्या आत पानी पाहून घेऊ.

आता कळलं. नारळ, दुआ, रस्ता, सगळं एकदम. तरी शेतापर्यंत वाटत होतं की तो दुसऱ्या कोणत्या दगडांबद्दल बोलत असेल.

त्याच दिवशी, दुपार.
झालं ते तसंच लिहितो.

निंबाखाली अर्धी गल्ली जमलेली. जमुना आणि आमिनाही ऑटोनं आलेल्या. गाडीचा पाइप दगडांच्या बरोबर वर. मी गफ्फारला बाजूला घेतलं आणि म्हणालो, इथं पाणी नाही. नत्थुजीनं ऐकलं. म्हणाला, पाह्य, भाऊ पान्याचा पॉइंट दाबून राहिला. गफ्फारनं मला नीट पाहून घेतलं आणि विचारलं, मंग खाली काय हाय. मी म्हणालो, डबा. कायचा डबा. खेळाचा. लोक हसले. गफ्फार हसला नाही. म्हणाला, सूर्यभान, तीस साल झाले, माह्यासंगं खेळू नको, खरं सांग.

नियम असा की बाहेरच्या लोकांसमोर डबा काढायचा नाही. एक क्षण वाटलं, गप्प राहावं. न जाणो, गोड पाणी लागेलही. मग आमिनाकडे नजर गेली. तिच्या हातात भुरीच्या गळ्यातली घंटी होती. व्यापाऱ्याला द्यायची नाही म्हणून सकाळीच काढून ठेवलेली.

मी दगड उचलले.

खाली निळ्या झाकणाचा डबा नव्हता. वनस्पती तुपाचा जुना पत्र्याचा डबा, पॉलिथिनमध्ये घट्ट बांधलेला. उघडला. सुरळी, पेन्सिल, बुश, कीचेन. गोळ्या नाहीत. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत जमुना मागून म्हणाली, थो माहा डबा म्या नेला, महिना झाला. आमिनानं जागा सांगतली. मले वाटलं, तुमी तंबाखूचा खर्रा लपवून ठेवला असन. तुमचं सामान नीट बांधून ठेवलं ना, फेकून तं नाई देल्लं. गोया लेकरायले वाटल्या.

गफ्फारनं कीचेन हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, परत डब्यात ठेवलं आणि नत्थुजीला म्हणाला, ने बावा गाडी. गाडीच्या फेरीच्या पैशाचं मी पाहतो म्हणालो. त्यानं ऐकलं की नाही माहीत नाही.

२५ एप्रिल
दूध आलं नाही. काळा चहा. पण भुरी गोठ्यातच आहे, हंबरणं ऐकू आलं.

शांतपणे पाहिलं तर गफ्फारचा फायदाच झाला. खोदलं असतं तर खारं पाणी लागलं असतं आणि म्हैसही गेली असती. ती वाचली कोणामुळे? मी डबा ठेवला नसता तर ऐन वेळी मला उचलता आला असता का?

जमुनाला हे समजावून सांगितलं. ती उठून गच्चीवर गेली.

२९ एप्रिल
साइटचा मेल. परवानगी नसल्यानं 'वऱ्हाडचा पहिला' यादीतून काढला. कोणीतरी कळवलं म्हणे. पायलला फोन करून म्हणालो, आपल्या लोकांत जळणारे फार. ती म्हणाली, बाबा, मीच कळवलं. आईनं सगळं सांगितलं.

१ मे
गफ्फार स्वतः दूध घेऊन आला. बसला नाही, दारातच उभा. म्हणाला, तू मले इचारलं असतं तं म्या नाई म्हटलं असतं का? जागा देली असती, वरून राखन केली असती. मी म्हणालो, गुप्त ठेवायचा नियम आहे. तो म्हणाला, गुप्त? काळीपिवळीच्या टपावरून दर्यापूर ते अकोला साऱ्यायले ठाऊक होतं, एक तुलेच नोतं. मग पायरी उतरता उतरता म्हणाला, ठेवाचा असन तं गोठ्यात ठेव. पन भुरीले इचारून.

विचार करतो आहे. गोठ्याला पत्रे आहेत, सॅटेलाइट दिसत नाही.

८ मे, रविवार
नियम पुन्हा वाचले. डबा जमुनानं मोबाईलशिवाय शोधला. घेतलेल्या वस्तूच्या जागी दुसरी ठेवली. जाताना-येताना कोणाला दिसली नाही. खाण्याचं काढून टाकलं. एकही नियम मोडला नाही. म्हणजे वऱ्हाडातली पहिली शोधक माझ्याच घरात. डबा यादीत नसला तरी सुरळीवर सही पाहिजे, त्याशिवाय शोध धरत नाहीत.

सुरळी आणि पेन्सिल पुढे केली. जमुना म्हणाली, सही कायची? मी म्हणालो, काही नाही, फक्त नाव लिही. ती म्हणाली, ज्यानं त्यानं आजकाल 'काई नाई, फक्त नाव लिही' म्हणूनच कर्जाच्या सहीले बँकेत नेलं. म्या नाई लिहत. आणि पोळ्या लाटायला गेली.

सुरळी कोरी आहे.

रात्री जेवणात कुरडया तळल्या होत्या. कडक, फुललेल्या, एकही सादळलेली नाही. डबा खरोखर एअरटाइट आहे.