सांगणारा मी, लिहिणारा रघू

परळ, मुंबई
मार्गशीर्ष शुद्ध ४, शके १८१६, रविवार

सौभाग्यवती सोनूबाईस दौलत तांडेलाचे अनेक आशीर्वाद. मी आज सकाळी सुखरूप पोचलो. कोकमांचं मडकं फुटलं नाही. सुके बांगडे सूनबाईला दिले, तिने लगेच दोन भाजलेसुद्धा.

मास्तर हे पत्र वाचून दाखवतील तेव्हा, लिहून कोणी दिलं, असं तू विचारशीलच. म्हणून आधीच सांगून टाकतो. सांगणारा मी, लिहिणारा रघू. त्याला शाळेत तू घातलंस, मी म्हणत होतो दोर वळायला अक्षर कशाला. ते आज कामी आलं. पण म्हणून मी त्याच्याशी बोललो असं समजू नकोस. मी तुझ्याशी बोलतो आहे, त्याने बाजूला बसून उतरून घ्यावं. सहा वर्षांपूर्वी याच बंदरात तो गलबतावरून उतरला तो परत चढला नाही, आणि मी सगळ्या खलाशांसमोर सुकाणूला हात लावून शपथ घेतली, की पोटच्या पोराशी पुन्हा शब्द बोलणार नाही. दौलत तांडेलाची शपथ आहे ती. मी निघताना तू पदर खोचून म्हणालीस, "त्याच्याशी बोलल्याशिवाय माघारी येव नकात." बघू कोण हटतं ते.

आगबोटीचा प्रवास म्हणजे पोत्यासारखं येऊन पडणं. शीड नाही, वारा बघायला नको. धक्क्याला लागली तशी माणसं एकमेकांच्या अंगावरून उतरली. मी बसून राहिलो. एक खलाशी म्हणाला, "आजोबा, उतरा की! बोट धुवायची आहे." त्याला काय सांगू? चाळीस वर्षं गलबताचा तांडेल होतो, बोट रिकामी झाल्याशिवाय पाय उचलला नाही, तो आज कसा उचलेल? शेवटचं गाठोडं गेलं तेव्हा उतरलो. एवढ्या वेळाने धक्क्यावर दोघंच उभी होती, रघू आणि सूनबाई. तो पाया पडला. मी सूनबाईच्या डोक्यावर हात ठेवला.

वाटेत ती म्हणाली, "मामंजी, सगळी म्हणत होती, म्हातारो येवक नाय, घराक जावा. माकाय तसाच वाटला. पण हे हलूक तयार नाय. म्हणाले, तांडेल सगळ्यांत शेवटी उतारता." मी समुद्राकडे तोंड करून चालू लागलो.

त्यांची खोली लहान आहे, पण लख्ख. दोन घागरी ऊन पाण्याने अंघोळ केली. मग रघू सूनबाईला म्हणाला, "बाबांक विचार, गिरणीत येतत काय?" मी म्हटलं, "त्याका सांग, येतंय." तो माझ्यापासून हातभरावर बसला होता. बिचारी दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवून दमली.

सूत कातायला गेला म्हणून मी त्याला गावभर हिणवलं, हे तुला ठाऊक आहे. रविवारी गिरणी बंद असते, त्याचं काम मात्र त्याच दिवशी. दारावरचा पहारेकरी ओरडला, "काय तांडेल, आज उशीर?" मी 'ओ' दिली. हाक मला नव्हतीच. साऱ्या गिरणीत रघूलाच तांडेल म्हणतात.

आत इंजिनघरात घराएवढं चाक आहे. त्यावरून मनगटाएवढे जाड चोवीस दोर वरच्या मजल्यांवर जातात, आणि त्यांच्यावर सगळी यंत्रं फिरतात. दोर झिजला की सांधायचा. सांधा जाड झाला तर दोर चाकावरून उडतो आणि आठशे माणसं हात बांधून उभी राहतात. हे काम जमणारी माणसं मुंबईत फार थोडी. मी डोळे मिटून एका दोरावर हात फिरवला. सांधा सापडला नाही. पुन्हा फिरवला. तिसऱ्या खेपेला अंगठ्याखाली जरासा लागला. दोराचे पदर तासून बारीक करायचे आणि मग एकमेकांत खोचायचे, ही माझ्या बापाची रीत. रघू दहा वर्षांचा असताना मी त्याला शिकवली होती. सोनू, असा सांधा मला उभ्या जन्मात जमला नाही.

लिहिणारा इथे थांबला आहे. सूनबाई, त्याला म्हणावं, लिही. मी खरं तेच सांगतो आहे.

जेवून चटईवर ताणून दिली. दुपार कलल्यावर घोड्यांच्या ट्रामने गिरगावच्या वाळूवर गेलो, चणे खात बसलो. इतक्या वेळा मुंबईला आलो, पण माल उतरवा, कागद दाखवा, भरती साधा आणि निघा. बसून मुंबई पाहिली ती आज. लांबून एक गलबत येत होतं. त्याचं शीड जरा उशिरा उतरलं. रघू आणि मी दोघांनीही एकदमच मान हलवली.

आता तुलाही न सांगितलेली एक गोष्ट सांगतो. गलबत विकलं तेव्हा लाकूड कुजलं असं म्हणालो होतो. लाकूड शाबूत होतं. सुकाणू धरलं की "रघू, शीड उतरव" असं तोंडातून निघून जायचं, आणि खलाशी खाली मान घालायचे. चार वर्षं सोसलं, पुढे सोसवेना. मास्तरांनी हे वाचताना आवाज जरा खाली घ्यावा.

दिवेलागण झाली. सूनबाईने पानं वाढली आहेत. शपथेचं काय ते मी आणि समुद्र बघून घेऊ.

रघू, हात दुखलो असतलो तुझो. ठेव ती लेखणी. चल, जेवाक बसूया.

आई, हे शेवटचं बाबा मला म्हणाले. तोंडातून निघेल ते सगळं लिहायचं, अशी त्यांनी हिच्याकडून मला ताकीद दिली होती, म्हणून तेही लिहिलं. आता उठतो. ते पानावर बसले आहेत आणि मी गेल्याशिवाय घास घेत नाहीत.

तुझा
रघू